बिननावाचा माल

चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या केटीएमच्या मोटारसायकली युरोपातल्या रस्त्यांवर धावतात. २०२३ पासून ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्याही बजाज तिथेच बांधते आणि परदेशी पाठवते. इतकी चोख यंत्रे घडवणाऱ्या मुलखातला तरुण त्याच गाडीवर बसतो तेव्हा त्याच्या अंगावर काय असते ते पाहावे. गाडी अडीच-तीन लाखांची. हातमोजे चारशे रुपयांचे, त्यांवर एका नामांकित परदेशी कंपनीचे नाव. जाकीट अडीच हजारांचे, त्यावर दुसऱ्या नामांकित कंपनीचे. दोन्ही कंपन्यांचा त्या मालाशी काडीचा संबंध नाही. विकणारा हे लपवतही नाही. ‘फर्स्ट कॉपी आहे’ असे तो सरळ सांगतो, आणि घेणारा समाधानाने पैसे मोजतो. माल कोणी शिवला, कोणत्या देशात शिवला, कोणी तपासला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर दोघांकडे नसते.

हा व्यवहार अनैतिक आहे असे मी म्हणतो. स्वस्त वस्तू घेण्यात कसली अनीती, असे वाचक विचारतील. चादर, बादली, मोबाइलचे कव्हर यांच्याबद्दल मी असे म्हटले नसते. पण रायडिंग गिअर म्हणून जे विकले जाते, त्याचे आयुष्यात एकच काम असते आणि ते एकदाच, दोन-तीन सेकंदांत करायचे असते. त्या क्षणी ते खोटे निघाले तर तक्रार करायला माणूस उरेलच असे नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल सांगतो की त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातल्याच्या सदरात मरण पावलेल्यांची संख्या ५०,०२९. यात ज्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते त्यांचीच मोजदाद आहे. ज्यांच्या डोक्यावर हेल्मेटच्या आकाराचे काहीतरी होते, त्यांचा वेगळा रकाना अहवालात नाही.

हे ‘काहीतरी’ उघडून पाहण्यासारखे असते. खऱ्या हेल्मेटचे वरचे कवच मजबूत प्लास्टिकचे किंवा फायबरचे असते, पण डोके वाचवण्याचे मुख्य काम त्याच्या आतला जाड, दाट थर्माकोलचा थर करतो. आघात झाला की तो थर चेपतो, आणि चेपताना आघाताचा जोर स्वतःत जिरवून मेंदूपर्यंत पोचू देत नाही. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यायचे असते. हमरस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या दोनशे-अडीचशे रुपयांच्या हेल्मेटमध्ये हात घाला. कापडाच्या अस्तराखाली पुष्कळदा नुसता स्पंज लागतो. हनुवटीच्या पट्ट्याचे बक्कल दोन बोटांच्या झटक्याने निघते. ही वस्तू पोलिसाला दाखवण्यासाठी बनवलेली असते, आणि घेणाऱ्यानेही ती त्याच कामासाठी घेतलेली असते.

जाकिटाची गोष्ट जरा बारकाईने समजून घ्यावी लागते, कारण तिथली फसवणूक अधिक सफाईदार आहे. मोटारसायकलवरून पडलेला माणूस डांबरावर घसरत जातो. त्या घसरण्यात कापड किती टिकते आणि शिवण उसवते की नाही, यावर कातडीचे भवितव्य ठरते. युरोपात यासाठी ईएन १७०९२ हे मानक आहे. त्यात सर्वांत वरचा वर्ग ट्रिपल ए. या वर्गात अंगाच्या सर्वांत जोखमीच्या भागांवरचे कापड ताशी १२० किलोमीटर वेगाच्या घसरणीच्या चाचणीला उतरावे लागते. डबल ए वर्गाला ही अट ७० किलोमीटरची, ए वर्गाला ४५ ची. कोपर, खांदा, गुडघा यांवरच्या आर्मरसाठी ईएन १६२१ हे वेगळे मानक. आर्मरवर ठरावीक जोराचा आघात करून पलीकडे किती बल पोचते ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिले तर पहिली पातळी, २० च्या आत राहिले तर दुसरी. खऱ्या मालाच्या आतल्या लेबलवर मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र, मानकाचा क्रमांक आणि वर्ग किंवा पातळी छापलेली असते. नकली मालावर ‘सीई’ ही दोन अक्षरे तेवढी उठवलेली असतात, आणि ग्राहक ती पाहून निश्चिंत होतो. आत कोपराच्या जागी जो तुकडा असतो तो आकाराने आर्मरसारखा आणि गुणाने उशीतल्या फोमसारखा. शिवण एकेरी. लडाखच्या वाटेवर, मनालीच्या पुढे, खडीच्या एखाद्या वळणावर या सगळ्याची परीक्षा होते.

या खोट्या मालाला उतारा म्हणून देशी माल घ्या असे सांगायचे, तर स्वदेशीकडे यावे लागते. महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. लोकहितवादींनी आपल्या शतपत्रांतून देशी माल वापरण्याचा आग्रह धरला तो १८५७ च्याही आधी. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सगळा महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणून ओळखतो, ते १८७७ च्या दिल्ली दरबाराला हाताने कातलेल्या सुताच्या कपड्यांत गेले. जरीच्या पोशाखांतले संस्थानिक जमलेल्या त्या मंडपात जाड्याभरड्या पांढऱ्या कपड्यांतला हा पुण्याचा वकील उभा होता. त्या पिढीची स्वदेशी ग्राहकाकडून त्याग मागत होती. कापड जाड असेल, महाग असेल, अंगाला टोचेल, तरी घाला, कारण आपल्या विणकराचे पोट त्यावर आहे. त्या काळी ही मागणी न्याय्यच होती.

आजच्या आपल्या विषयात ती जशीच्या तशी मागता येणार नाही. जाडेभरडे धोतर अंगाला टोचते, एवढेच. कच्चे हेल्मेट जीव घेते. ‘आपल्या माणसाचे आहे, सांभाळून घ्या’ असे डोक्याच्या बाबतीत म्हणणे हा अपराध ठरेल. म्हणून देशी गिअर घ्या असे सांगणाऱ्याने आधी आपल्या घरातला केर पाहिला पाहिजे, आणि तो थोडाथोडका नाही.

२०२५ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने हेल्मेटांवरच्या कारवाईची माहिती प्रसिद्ध केली. हेल्मेट बनवण्याचा भारतीय मानक ब्यूरोचा वैध परवाना असलेले उत्पादक त्या जूनमध्ये १७६ होते. आधीच्या आर्थिक वर्षात ब्यूरोने पाचशेहून अधिक नमुने तपासले आणि तीसहून अधिक ठिकाणी छापे घातले. दिल्लीतल्या एका कारवाईत परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांवर हेल्मेटे जप्त झाली. हे उत्पादक परदेशी नव्हते. तो माल इथेच, आपल्याच माणसांनी, आपल्याच माणसांच्या डोक्यांसाठी बनवला होता. चीनला नावे ठेवून या पापातून आपली सुटका होत नाही. जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे, विकणे किंवा आयात करणे बेकायदा आहे. त्यानंतरही रस्त्याकडेच्या त्या दोऱ्या उतरलेल्या नाहीत.

तरीही मी देशी घ्या असेच म्हणतो. मालावर तिरंगा छापलेला असतो म्हणून नव्हे. देशी मालामागे, तो नावानिशी विकला जात असेल तर, एक पत्ता असतो. बेळगावच्या उद्यमबागेत ‘वेगा’ कंपनीची हेल्मेटे बनतात. फरिदाबादला स्टड्स आहे, हिमाचलात बद्दीला स्टीलबर्ड आहे. मुंबईची रायनॉक्स आणि बंगळूरची व्हायाटेरा यांनी जाकिटे, हातमोजे, सामानाच्या बॅगा यांत गेल्या दशकात नाव कमावले. मी यांतल्या कोणाचीही जाहिरात करत नाही. त्यांच्या मालात उणिवा असतील, असतीलच. पण उणीव निघाली तर जाऊन दार ठोठावता येते. ग्राहक न्यायालयात त्यांच्या नावे तक्रार नोंदवता येते. चेन तुटली, आर्मर बदलायचा आहे, बाही आखूड पडली, तर बोलायला माणूस सापडतो. मे महिन्यातल्या विदर्भात जाळीचे जाकीट का लागते आणि आंबोलीच्या पावसात आतून वेगळे अस्तर का लावावे लागते, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. बिननावाच्या आयात मालामागे असे कोणीच नसते. समाजमाध्यमावरचे विक्रीचे पान आज असते, उद्या नाव बदलून दुसरे उघडते. स्वस्ताईच्या बदल्यात आपण काय देतो? जाब विचारण्याचा आपला हक्क देतो.

या स्वस्ताईचा हिशेबही एकदा मांडला पाहिजे. सचोटीने हेल्मेट बनवणारा कारखाना प्रत्येक खेपेतली काही हेल्मेटे स्वतःच फोडतो. ती यंत्रावर उंचावरून आपटतो, पट्टा ताणून पाहतो, गरम करून, गार करून, भिजवून पुन्हा आपटतो. त्या फोडलेल्या हेल्मेटांची किंमत, प्रयोगशाळेचा खर्च, परवान्याचे शुल्क हे सगळे विकल्या जाणाऱ्या हेल्मेटावर चढते. नक्कल करणाऱ्याला यातले काही करावे लागत नाही. त्याचा माल स्वस्त पडतो, ते तो अधिक हुशार आहे म्हणून नव्हे, तर त्याने नेमके तेच काम गाळले आहे ज्यासाठी ही वस्तू असते. आणि आपण त्याच्याकडून घेतो तेव्हा सचोटीने काम करणाऱ्याला सांगत असतो की बाबा रे, तुझी चाचणी आम्हाला नको, तुझे लेबल तेवढे पुरे. असे काही वर्षे ऐकल्यावर त्यातला एखादा चाचणी सोडूनही देतो. बाजाराची नीती ग्राहक बिघडवतात हे कबूल करायला आपल्याला जड जाते.

बेळगावचे नाव वर आले तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण येणे स्वाभाविक आहे. नांगरांच्या आधी बेळगावात त्यांचा सायकलींचा व्यवसाय होता. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि जे थोडे घेणारे होते त्यांच्यापुढे विलायती नांगर होता. लक्ष्मणरावांनी ‘स्वदेशी आहे म्हणून घ्या’ एवढ्यावर धंदा उभारला नाही. १९१० साली कुंडल रोडच्या माळावर, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आधाराने, त्यांनी कारखाना मांडला आणि नांगर शेतात चालवून दाखवून विकला. देशी उत्पादकाकडून मी हीच अपेक्षा करतो. चाचणीचा अहवाल लपवू नका. जाकिटाच्या आतल्या लेबलवर वर्ग छापा. आर्मर जर्मन किंवा ब्रिटिश असेल, कापड कोरियाचे असेल, तर तसे सांगा, त्यात कमीपणा नाही. तयार जाकिटे बाहेरून आणून त्यावर आपले लेबल शिवायचे आणि देशाभिमानाच्या नावाने विकायचे, हे मात्र आयात मालापेक्षाही वाईट, कारण त्यात आयातीबरोबर खोटेपणाही आला. ऑनलाइन विक्रीत मालाचा मूळ देश दाखवणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. ती ओळ वाचायची सवय आपल्याला नाही, ती लावून घेतली पाहिजे. आणि ही जाकिटे शिवणाऱ्या बायाबापड्यांना किती मजुरी मिळते, हेही विचारले पाहिजे. देशी मालाचा आग्रह धरून देशी मजुराला उपाशी ठेवणे कुठल्याच स्वदेशीत बसत नाही.

परदेशी मालाशी माझे वैर नाही, हेही स्पष्ट करतो. जपानची आराई किंवा शोएई यांची हेल्मेटे उत्तम असतात. ज्याची ऐपत आहे त्याने ती खुशाल घ्यावी, तिथे कंपनीचे नाव खरे आहे आणि चाचणीही खरी आहे. युरोपातल्या कितीतरी नामांकित दुकानांत लटकणारी चामडी जाकिटे आपल्याच कारागिरांनी शिवलेली असतात. कानपूर, कोलकाता आणि चेन्नईच्या चर्मोद्योगाने ही कामे वर्षानुवर्षे केली आहेत. आपल्याकडे हात नाहीत असे कोणी म्हणू नये.

सगळ्यात खरा आक्षेप गरिबीचा आहे. रात्री अकरा वाजता पावसात दुसऱ्याच्या घरी जेवण पोचवणारा मुलगा म्हणतो, साहेब, हजाराचे हेल्मेट कुठून आणू? त्याला नीतीचे धडे देणे मला मान्य नाही. त्याच्या टी-शर्टवर ज्या कंपनीचे नाव आहे, तिने त्याला आयएसआय खुणेचे हेल्मेट द्यावे, ते आपटले की बदलून द्यावे, आणि दहा मिनिटांत माल पोचवण्याची शर्यत त्याच्या जिवावर लावू नये. शासनानेही आपला वाटा उचलावा. २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा जीव वाचवणाऱ्या या वस्तूला १८ टक्क्यांत बसवले गेले, याचे समर्थन कोणत्याही अर्थशास्त्राने करता येत नाही. पण गरिबीचे हे कारण ज्याच्या तोंडी शोभते त्याच्याच तोंडी राहू द्यावे. तीन लाखांची गाडी आणि त्यावर तीस हजारांचा सायलेन्सर बसवणाऱ्याने ते उसने घेऊ नये.

आता जे सांगायचे आहे ते सगळ्यात दुखरे आहे. हेल्मेटविना गेलेल्या वरच्या ५०,०२९ मध्ये १४,३३७ माणसे मागे बसलेली होती. आपल्या रस्त्यांवर रोज जे चित्र दिसते त्याचा हा आकडा आहे. पुढे नवरा, त्याच्या डोक्यावर हेल्मेट. मागे बायको, तोंडाला ओढणी, डोके उघडे. मध्ये मूल. दंड भरावा लागतो म्हणून एक हेल्मेट घेतले, आणि ते कमावणाऱ्याच्या डोक्यावर चढले. घरातल्या कोणाचा जीव किती मोलाचा, याचा निवाडा आपण न बोलता करून टाकला आहे. शहरात शिकलेली, नोकरी करणारी माणसेही हेच करतात. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागच्या माणसालाही लागू आहे. चार वर्षांखालच्या मुलांसाठी २०२२ च्या नियमांनी हेल्मेट, बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी चाळीसची वेगमर्यादा घालून दिली आहे. पण कायदा माहीत नाही म्हणून हे घडत नाही. बाईच्या केसांचा अंबाडा, जवळच तर जायचे आहे, उकडते, ही कारणे पुरुषांनीच तिच्या वतीने सांगितलेली मी पुष्कळ ऐकली आहेत. ज्या घरात स्वतःसाठी नकली इटालियन जाकीट येते आणि बायकोसाठी साधे देशी हेल्मेट येत नाही, त्या घराने आधी दुसरे हेल्मेट आणावे. जाकिटाचा विचार नंतर.

क्रम असाच असावा. आधी घरातल्या प्रत्येक डोक्याला खऱ्या खुणेचे हेल्मेट. आयएसआय खुणेजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा आणि जिवंत आहे की नाही ते कळते. दुकानात उभे राहून दोन मिनिटांत हे करता येते, आणि दुकानदाराला राग आला तर येऊ द्यावा. मग हातमोजे, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. त्यानंतर बूट आणि जाकीट. एका वर्षात सगळे जमत नसेल तर तीन वर्षांत जमवावे. पण जे घ्यावे ते नाव, पत्ता आणि वर्ग छापलेले घ्यावे.

आणि एकेकट्याने घेण्यापेक्षा मिळून घ्यावे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून हे करून दाखवले आहे. शेजारच्या घरांचा संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र करायची, आणि माल ठोक भावात, पारखून आणायचा. धान्य-कडधान्याला जे लागू पडते ते हेल्मेटाला का लागू पडू नये? गृहनिर्माण संस्था, महाविद्यालयांचे पार्किंग, औद्योगिक वसाहतींतल्या कामगार संघटना, बाजार समित्यांतले हमाल, डिलिव्हरीवाल्यांचे गट यांनी शंभर-दोनशे हेल्मेटांची मागणी थेट कारखान्याकडे नोंदवली तर दलालाचा नफा सुटतो, आणि कारखान्याकडे चाचणीचे कागद मागण्याचे बळही येते. अंताजी दामोदर काळ्यांनी घरोघर एकेक पैसा मागून उभारलेल्या फंडातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला होता. तेवढी चिकाटी इथे लागणारही नाही.

दसरा आणि पाडव्याला महाराष्ट्रात दुचाक्यांची मोठी विक्री होते. शोरूमच्या दारात गाडीला हार घातला जातो, पेढे वाटले जातात. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा नियम १३८ सांगतो की नवी दुचाकी देताना उत्पादकाने प्रमाणित हेल्मेटही दिले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ते बिलात चढते पण हातात पडत नाही, किंवा पडते ते पाहवत नाही. हार घालण्याआधी ते मागावे, त्याचा परवाना क्रमांक तिथेच तपासावा, आणि मागे बसणाऱ्या माणसासाठी दुसरे त्याच बिलात लिहून घ्यावे.